घर पूर्ण केव्हा होते?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. लग्नाचा मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो, हिशेब महिन्याभरात मिटतो. घराचे तसे नाही. स्लॅब पडल्यावर नातेवाईक ‘झाले की घर!’ म्हणून पेढे मागतात. परंतु ज्याने स्वतः उभे राहून घर बांधले आहे, त्याला ठाऊक असते की खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. भिंती उभ्या असतात, पण नळाला पाणी नसते. फरशी असते, पण उतार उलटा असतो. गृहप्रवेश होतो आणि पहिल्या पावसात देवघराच्या छतावर ओल उमटते.

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे गाव या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांतून निघालेली पूर्णा नदी येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांतून वाहत या परिसरात येते आणि पुढे गोदावरीला मिळते. निजामाच्या राजवटीत रेल्वे आली आणि हे जंक्शन झाले. परभणी, नांदेड आणि हिंगोली-अकोला अशा तिन्ही दिशांना येथून गाड्या जातात. रेल्वे आणि मोंढा या दोन आधारांवर येथील व्यापार वाढला. दुकानामागे किंवा दुकानावर राहणारी व्यापारी कुटुंबे हळूहळू गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत भूखंड घेऊन स्वतःची घरे बांधू लागली. मोठ्या शहरातल्यासारखा तयार सदनिकांचा पर्याय अशा गावात फारसा नसतो. शेठजी स्वतःच मालक, स्वतःच देखरेख करणारे आणि पुष्कळदा स्वतःच अर्धे इंजिनिअर! दुकानाच्या गल्ल्यावर बसून एका कानाने गिऱ्हाईक ऐकायचे आणि दुसऱ्या कानाने मिस्त्रीचा फोन, असा त्यांचा दिनक्रम होतो.

अशा घरात केवळ विटा-सिमेंट गुंतलेले नसते. त्यात धंद्यातील भांडवल असते, वृद्ध आई-वडिलांची ‘आपल्या डोळ्यांदेखत घर व्हावे’ ही इच्छा असते आणि श्रावकाच्या आचाराचा प्रश्नही असतो. म्हणून घर पूर्ण करण्याच्या आणि त्यात राहण्याच्या अडचणींचा विचार क्रमाने केला पाहिजे.

काळ्या मातीचा स्वभाव

पूर्णा परिसराची जमीन म्हणजे कापसाची काळी माती. शेतकऱ्याला ती वरदान, घर बांधणाऱ्याला मात्र कसोटी. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज विपुल असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, हे दृश्य मराठवाड्यातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. हीच उलाढाल घराच्या पायाखाली दरवर्षी चालते. माती फुगली की जोते वर उचलले जाते, आकसली की खाली बसते. सगळीकडे सारखे झाले तर फारसे बिघडत नाही. पण एका कोपऱ्यात मोरीचे पाणी मुरते आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग चालू लागते.

यावरचे उपाय नवे नाहीत. काळा थर उथळ असेल तर तो पूर्ण काढून पाया खालच्या मुरमावर टेकवावा. थर खोल असेल तर रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘अंडर-रीम्ड पाइल’, म्हणजे खाली कंदासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खांब, फुगणाऱ्या थराच्या खाली नेऊन बसवता येतात. त्यांवरच्या तुळईखाली थोडी पोकळी ठेवली म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलत नाही. जोत्यात भर घालताना खोदून निघालेली काळी माती पुन्हा आत टाकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती फुकट असते आणि मुरूम विकत आणावा लागतो. ही बचत पुढे सर्वांत महाग पडते. आतली फरशी मधोमध उचलली जाते आणि दारे घासू लागतात.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांच्या हाती दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे घराभोवती चारही बाजूंनी बाहेर उतार असलेली फरसबंदी करणे, म्हणजे पायाजवळची माती बारा महिने जवळजवळ सारखी ओली राहते. दुसरी म्हणजे भिंतीलगत मोठी झाडे आणि गळके नळ टाळणे. भेग दिसली की लगेच लांबी भरून रंग मारण्याची घाई करू नये. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून तारीख लिहावी आणि वर्षभर पाहावे. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग मातीची असते. सतत एकाच दिशेने वाढणारी भेग मात्र जाणकार इंजिनिअरला दाखवलीच पाहिजे.

याच जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात खडकात कोरलेली जिनमंदिरे आहेत. खडकाचा आधार असला की शतके उलटतात, हे त्यांच्याकडे पाहून समजते. साध्या घराचा पायाही शेवटी तोच शोध घेत असतो: वरच्या चंचल थराखाली स्थिर काय आहे?

मुहूर्त आणि पाणी

आपल्या समाजात गृहप्रवेशासाठी अक्षय तृतीयेची ओढ मोठी असते. भगवान ऋषभदेवांचे वर्षभराच्या उपवासानंतरचे पारणे हस्तिनापुरात राजा श्रेयांसाच्या हातून इक्षुरसाने झाले तो हा दिवस. त्यानंतर आषाढ शुक्ल चतुर्दशीपासून चातुर्मास सुरू होतो आणि बांधकाम-प्रवेशासारखी कामे थांबतात. म्हणून सारे कुटुंब ‘अक्षय तृतीयेला प्रवेश करायचाच’ असे ठरवते आणि मागे मागे हिशेब करू लागते.

अडचण अशी की अक्षय तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मे महिन्यात येते. त्या काळात परभणी जिल्ह्याचे तापमान राज्यातील सर्वाधिक तापमानांपैकी असते आणि पाण्याची टंचाई शिगेला पोहोचलेली असते. काँक्रीट मात्र पाणीच मागते. सिमेंट घट्ट होते ते वाळल्याने नव्हे, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. आणि पाणी लवकर उडून गेले की ती क्रिया अर्धवट राहते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. उष्ण व कोरड्या हवेत हीच मुदत अनुक्रमे १० आणि १४ दिवसांची होते. आज बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट मिश्र प्रकारचे असते. म्हणजे एप्रिलमध्ये टाकलेल्या स्लॅबला दोन आठवडे पाण्याची आळी करून भिजत ठेवणे हेच योग्य.

‘शेठजी, चार दिवस पाणी मारले की झाले,’ असे मिस्त्री सांगतो, तेव्हा त्याचे लक्ष पुढच्या कामावर असते. सेंटरिंगवाल्याला आपल्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळयांखालचे टेकूही १४ दिवस राहिले पाहिजेत. मुहूर्ताच्या घाईत हे दिवस चोरले जातात. चोरी कोणालाच दिसत नाही, आणि म्हणूनच ती धोक्याची असते.

यावर शहाणपणाचा मार्ग म्हणजे बांधकामाचा क्रमच उलट्या दिशेने आखणे. पायाचे आणि स्लॅबचे काम दिवाळीनंतर थंडीत घ्यावे, तेव्हा पाणीही असते आणि ऊनही मवाळ असते. गिलावा माघ-फाल्गुनात व्हावा आणि उन्हाळा गिलावा वाळण्यासाठी सोडावा. ओल्या भिंतीवर घाईने मारलेला रंग पोपडे धरतो. रंगाखाली अडकलेली ओल पुढे दोन वर्षे बाहेर येत राहते. काम मागे पडलेच तर मुहूर्त पुढच्या मार्गशीर्षावर नेण्यात कमीपणा नाही. वृद्ध आई-वडिलांना हे समजावणे कठीण असते हे खरे. परंतु ‘घर अजून ओले आहे, तुमच्या सांध्यांना त्रास होईल’ हे प्रेमाने सांगितले की तेच बहुधा ‘थांबा’ म्हणतात. ज्या वडिलांनी आयुष्यभर उधारीवरच्या गिऱ्हाइकाला मुदत दिली, ते सिमेंटलाही मुदत देतील.

मोंढ्याचा हंगाम आणि घराची वही

व्यापारी कुटुंबाची आणखी एक खास अडचण आहे. बांधकामाचा उत्तम काळ आणि मोंढ्यातील खरेदीचा काळ एकच असतो. सोयाबीन आणि कापूस दिवाळीच्या आगेमागे येतात, तूर थंडीच्या अखेरीस येते. त्याच महिन्यांत दुकानाला भांडवल हवे असते आणि गुत्तेदारालाही. अशा वेळी दुकानातून उचल घेऊन घरात घातली जाते, हंगामाची खरेदी आखडते आणि नफा घटतो. वर्षअखेरीस घरही अर्धे आणि धंदाही अर्धा अशी अवस्था होते.

अनुभवी कुटुंबे यासाठी घराची वही वेगळी ठेवतात. घराचे खाते वेगळे, बिले वेगळी, उचल वेगळी. दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर सिमेंट-लोखंड घेऊन कराची वजावट मिळेल असा समज काही ठिकाणी आढळतो. स्वतःसाठी बांधलेल्या स्थावर मालमत्तेच्या साहित्यावर ती वजावट मिळत नाही, आणि राहत्या घराचा तर धंद्याशी संबंधच नसतो. असे घोळ पुढे चौकशीच्या वेळी महागात पडतात.

शेवटच्या कामांचा खर्च बहुतेक जण कमी धरतात. स्लॅब, विटा आणि लोखंड यांचा हिशेब डोळ्यांसमोर असतो. परंतु खिडक्यांच्या जाळ्या, नळांची तोट्यांसह जोडणी, विजेचे फिटिंग, कुंपण, पाण्याची टाकी, मलटाकी, रंगाचे दोन हात, दारांची कडी-कुलपे, स्वयंपाकघरातील ओटा आणि फडताळे ही सारी ‘किरकोळ’ कामे एकत्र केली की रक्कम अंगावर येते. किरकोळ मालावरच किराणा दुकान चालते हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच घरातील किरकोळाकडे दुर्लक्ष करावे, हे नवल. कागदावर शेवटच्या कामांची यादी स्लॅबच्या आधी करावी आणि ती रक्कम बाजूला ठेवूनच पुढे जावे.

गुत्तेदाराशी करारही कामाच्या टप्प्यांनुसार असावा. शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर देण्याची अट आधीच लेखी घातली तर दोन्ही बाजूंचे संबंध नीट राहतात. मजुरांचा रोजगार मात्र कधीही अडवून ठेवू नये. भांडण गुत्तेदाराशी असते, बिगाऱ्याच्या चुलीशी नसते.

पहिला पावसाळा

घराचा खरा परीक्षक मृग नक्षत्र आहे. त्याच्या आधी दोन चाचण्या घरच्या घरी घेता येतात. न्हाणीघराची फरशी बसवण्यापूर्वी खालच्या खोलगट भागात पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवावे आणि खालच्या छताकडे पाहावे. गच्चीवर कोबा झाल्यावर पन्हाळी बंद करून तशीच पाण्याची आळी करावी. गच्चीला दर १०० सेंटीमीटरला किमान १ सेंटीमीटर उतार हवा, आणि तो पन्हाळीकडे हवा. भिंतीत नळ बुजवण्यापूर्वी त्यांत दाबाने पाणी भरून सांधे तपासावेत. गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी लावून, मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे. दहा वर्षांनी खिळा ठोकताना वायर कोठून गेली आहे हे कोणालाच आठवत नाही; छायाचित्र मात्र सांगते.

विजेच्या बाबतीत अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र या दोन गोष्टींवर काटकसर करू नये. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा उपयोग कमी होतो, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची सवय घरातील एकाने स्वतःकडे घ्यावी.

सांडपाण्याचा प्रश्न काळ्या मातीत सर्वांत जिकिरीचा. खडकाळ किंवा मुरमाड जमिनीत शोषखड्डा नीट चालतो. चिकण काळ्या मातीत पाणी मुरतच नाही, आणि पावसाळ्यात तर खड्डा उलटा भरून येतो. गटाराची सोय नसलेल्या नव्या वसाहतीत मलटाकीचे पाणी कोठे जाणार, हे भूखंड घेतानाच विचारले पाहिजे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर दूर असावा असे मानक सांगते. लहान भूखंडावर हे अंतर आपल्या कुंपणाच्या आत सहसा बसत नाही. म्हणून शेजाऱ्याचा बोअर कोठे आहे हेही पाहणे हा शेजारधर्म आहे आणि अहिंसाधर्मही.

जीवदया रचनेतच

जैन शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्णपणे सोडावी अशी अपेक्षा आहे. घर बांधणे, स्वयंपाक, स्वच्छता यांतून होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. ती शक्य तेवढी कमी करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घर बांधताना हा भेद रोजच्या व्यवहारात उतरतो.

वाळवीचे उदाहरण घ्यावे. मराठवाड्यात वाळवीची भीती खरी आहे आणि पाया भरताना विषारी औषध फवारण्याची पद्धत रूढ झाली आहे. श्रावकाच्या मनात येथे काटा रुततो. वाळवी-प्रतिबंधाविषयीच्या भारतीय मानकाचा पहिला भाग औषधांविषयी नाही, तर बांधकामातील उपायांविषयी आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जमिनीला लाकडाचा स्पर्श होऊ न देणे, जोत्यात लाकडाचे तुकडे व कचरा गाडून न ठेवणे, सलग आणि घट्ट काँक्रीटची फरशी करणे, भिंतीभोवती फरसबंदी ठेवणे, ओल मुळातच थांबवणे, हे ते उपाय. न्हाणीघराच्या चौकटी दगडाच्या, खिडक्या धातूच्या आणि लाकूड घेतलेच तर जुन्या सागवानाचे, एवढे केले तरी वाळवीला घरात यावेसे वाटेल असे फार थोडे उरते. जीव मारण्यापेक्षा त्याला येण्याचे कारणच न देणे अधिक चांगले.

हेच सूत्र इतर ठिकाणी लागू पडते. प्रत्येक खिडकीला बारीक जाळी, दाराखालची फट बंद करणारी पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळीचे झाकण, बाहेर पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा या साध्या गोष्टींनी डास आणि पतंग घरात कमी येतात. उतार नीट नसलेल्या अंगणात पाणी साचते, तेथे शेवाळ धरते आणि त्यावरून चालताना अनंत जीवांची विराधना होते. म्हणजे गवंड्याने उतार चुकवला तर केवळ पाय घसरत नाही, व्रतही घसरते. कोठीघराला ओल लागू नये म्हणून ते उत्तरेच्या किंवा मोरीच्या भिंतीला लागून ठेवू नये. धान्य उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरले की कीड पडण्याचा आणि पुढे निवडताना होणाऱ्या हिंसेचा प्रसंगच येत नाही.

पाण्याविषयी तर विशेष विचार हवा. गाळलेले पाणी एका मुहूर्तापर्यंत, म्हणजे ४८ मिनिटांपर्यंतच गाळलेले मानले जाते, आणि गाळण्यावर राहिलेली जीवाणी ज्या जलाशयातून पाणी घेतले त्याच जलाशयात परत सोडायची असते. जुन्या वाड्यातल्या आडाला हे सोपे होते. तळाशी कडी असलेली बादली पाण्यापर्यंत उतरवायची आणि जीवाणी अलगद सोडायची. बोअरच्या सहा इंची नळीत ते शक्य नाही. म्हणून जुन्या वाड्याच्या जागेवर नवे घर बांधणाऱ्यांनी आड बुजवण्याची घाई करू नये. कठडा बांधून, जाळी घालून तो जपला तर मुनिसंघ आल्यावर चौक्यासाठी विहिरीचे पाणी घरीच मिळते आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून त्यात सोडले की उन्हाळ्यातही त्याला ओलावा राहतो. हिशेब सोपा आहे: १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १,००० लिटर पाणी जमा होते. टँकरसाठी रांग लावणाऱ्या गावाला हा आकडा लहान नाही.

नव्या घराच्या स्वयंपाकघरात तयार मॉड्युलर फडताळे असतात. पण पाणी गाळण्यासाठी, उकळण्यासाठी आणि गाळणे वाळत घालण्यासाठी जागा नसते. घरातील स्त्रियांना आराखड्याच्या वेळीच विचारले तर ही चूक होत नाही. ओट्याची उंची, चाळणी-गाळण्याची खुंटी, सोवळ्याच्या भांड्यांचा कप्पा, हे प्रश्न गुत्तेदाराला सुचत नाहीत आणि पुरुषांनाही क्वचितच सुचतात.

सूर्यास्ताआधीचे ताट

रात्रिभोजनत्यागाचा घराच्या नकाशाशी संबंध आहे. डिसेंबरात येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तेव्हा मोंढा भर गर्दीत असतो. दुकानावर राहणारा शेठ पाच मिनिटांत जेवून खाली येत असे. नवे घर दोन किलोमीटर दूर गेले की तोच नियम अवघड होतो आणि व्रत सुटण्याचे पहिले कारण तेच ठरते. ज्यांना घर दूरच बांधायचे आहे त्यांनी दुकानातील मागची खोली सोडू नये. दुपारचा डबा आणि सायंकाळचे ताट तेथे मांडता येईल एवढी स्वच्छ जागा ठेवावी. घरातील जेवणघराला सायंकाळचा नैसर्गिक प्रकाश हवा, मात्र पश्चिमेची उघडी खिडकी उन्हाळ्यात भट्टी होते. खोल छज्जा, जाळीची भिंत किंवा बाहेर निंबाचे झाड थोड्या अंतरावर लावल्यास प्रकाश राहतो आणि झळ अडते.

जुन्या माळवदाच्या घरांत उन्हाळा सुसह्य होता, कारण वरचा मातीचा जाड थर उष्णता आत येऊ देत नसे. परंतु त्याच जड छपरांनी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घात केला. सुमारे १०,००० माणसे गेली. त्या वेळी शांतिलालजी मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे समाजाला आठवत असेलच. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा परभणी-नांदेडपर्यंत भांडी हलली. म्हणून गारव्यासाठी माती पुन्हा डोक्यावर घेणे नको. विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर पांढरी चिनी फरशी किंवा चुन्याचा हात, आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली हा सुरक्षित मार्ग आहे. दारे-खिडक्यांवरून सलग जाणारी काँक्रीटची पट्टी भूकंपात भिंतींना बांधून ठेवते. ती तोडून एसीची खिडकी पाडू नये. पुढे धाकट्या मुलासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून गच्चीवर उघड्या सळ्या सोडल्या जातात. दोन-तीन पावसाळ्यांत त्या गंजतात आणि मजला येईपर्यंत निम्म्या निकामी होतात. त्यांवर सिमेंटचा लेप देऊन कच्च्या काँक्रीटने झाकून ठेवावे.

कागदाचे शेवटचे पान

घर राहते झाले की कागद मागे पडतात. बांधकाम परवाना, जोते तपासणी आणि अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र ही साखळी नगरपरिषदेच्या कार्यालयात पूर्ण करावी लागते. २०२० पासून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीतही तिचे महत्त्व कायम आहे. मंजूर नकाशात नसलेली एक खोली मागे वाढवली जाते आणि पुढे भोगवटा प्रमाणपत्र तेथेच अडते. बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती वीजजोडणी घरगुती करून घेणे, मालमत्ता नोंदवहीत नाव लावणे, घरपट्टी आणि नळपट्टी सुरू करणे, ही कामे गृहप्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात उरकावीत. वडिलांच्या हयातीत न लागलेले नाव पुढे भावाभावांत भिंत उभी करते, आणि ती भिंत पाडायला मिस्त्री मिळत नाही.

वास्तूचे परिमाण

तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना पहिलाच उल्लेख क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर यांच्या मर्यादेचा आहे. सोने-नाणे, धनधान्य त्यानंतर येतात. मर्यादा आधी ठरवायची आणि मग ती ओलांडायची नाही, हे त्या व्रताचे सार. घर बांधणाऱ्याने हे व्रत नकाशावर घेतले तर निम्म्या अडचणी तेथेच मिटतात. शेजाऱ्याचा दिवाणखाना पाहून वाढवलेली खोली, पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेला आणि वर्षभर बंद राहिलेला मजला, पाय घसरेल अशी गुळगुळीत इटालियन फरशी ही सारी परिमाण सुटल्याची चिन्हे आहेत. अर्धवट राहिलेली बहुतेक घरे पैसा कमी पडला म्हणून अर्धवट राहत नाहीत; ती मुळात गरजेपेक्षा मोठी आखली गेली म्हणून राहतात.

पूर्णा येथील एखाद्या नव्या वसाहतीत सायंकाळी फेरफटका मारला तर अशी दोन्ही प्रकारची घरे दिसतात. एकीकडे तीन मजली सांगाडा, बाहेर गिलावा नाही, वर गंजलेल्या सळ्या आणि खाली एका खोलीत राहणारे कुटुंब. दुसरीकडे बैठे, तीन खोल्यांचे घर. अंगणाचा उतार नीट, खिडक्यांना जाळ्या, परसात कठडा बांधलेला जुना आड, आणि सूर्य मावळण्याआधी ओट्यावर आवरून ठेवलेली भांडी. गाडीची शिटी दोन्ही घरांत सारखीच ऐकू येते. झोप मात्र दुसऱ्या घरात आधी लागते. घर पूर्ण झाले असे म्हणायचे ते याच अर्थाने.